माळाईच्या कोंबड्याचं औषध

तेरा घरांची एक वाडी होती आणि त्या वाडीत सव्वाशे-दीडशे कोंबड्या होत्या. घरं नीट मोजता येत, कारण ती जागची हलत नसत. कोंबड्यांचं तसं नव्हतं. सकाळी खुराड्यांची दारं उघडली की त्या साऱ्या वाडीच्या होत. या घरच्या कोंबडीनं त्या घरच्या परसात उकरायचं, त्या घरच्या कोंबडीनं तिसऱ्याच घराच्या वैरणीत अंडं घालून ठेवायचं आणि दिवेलागणीला मात्र प्रत्येकीनं न चुकता आपापल्या खुराड्यात शिरायचं, असा तिथला रिवाज होता. अंड्यांवरून भांडणं होत, पण ती भाकरी खाईपर्यंत मिटत.

वाडीच्या वरच्या अंगाला माळ होता आणि माळावर माळाईचं देऊळ होतं. देऊळ म्हणजे काय, तर चार दगडी खांब आणि वर कौलं. वाडीतल्या कुणी माळाईकडे काही मागितलं आणि ते मिळालं, की त्या घरानं देवीच्या नावानं एक कोंबडा सोडायचा. कापायचा नाही, सोडायचा. त्याच्या पायात हिरवा दोरा बांधायचा, त्याला देवळाभोवती एकदा फिरवायचं, खाली ठेवायचं आणि मागे वळून न बघता घरी यायचं. तेव्हापासून तो माळाईचा. त्याला कुणी धरायचं नाही, डालग्याखाली झाकायचं नाही, दारातून हाकलायचं नाही. तो ज्या अंगणात येईल त्या अंगणात त्याच्यापुढे मूठभर दाणे टाकायचे. म्हातारा होऊन मेला की देवळामागे पुरायचा आणि मग पुढच्या नवसाला पुढचा.

ही गोष्ट घडली तेव्हा माळाईचा जो कोंबडा होता, तो धुरपदाबाईनं सोडलेला होता.

धुरपदाबाई ही वाडीतली सगळ्यात जाणती कोंबडीवाली. जिभेनं फटकळ होती, पण हात फार मऊ. कुणाची कोंबडी खुडूक झाली, की ती किती अंड्यांवर बसवायची हे विचारायला बायका तिच्याकडे येत. अंगावर येणारी, टोचणारी कोंबडीसुद्धा धुरपदाबाईनं उचलली की गप्प बसे. कुणाला नव्यानं कोंबडी पाळायची असली, तर तीही तिच्याकडूनच वाट्यानं नेत. वाट्यानं म्हणजे असं, की कोंबडी धुरपदाबाईची, दाणापाणी आणि राखण नेणारीची, आणि पिल्लं निघून मोठी झाली की निम्मी हिची, निम्मी तिची.

अशा या धुरपदाबाईच्या घरात एक दुःख होतं. तिच्या सुनेचं मूल दोनदा पोटातच गेलं होतं. सून बोलत नसे, नुसती कामं करत राही, आणि तिचं ते गप्प राहणं धुरपदाबाईला बघवत नसे. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा धुरपदाबाई माळावर गेली आणि नवस बोलून आली. मुलगी झाली. चांगली रडकी, दणकट मुलगी. तिचं नाव माळू ठेवलं आणि धुरपदाबाईनं आपल्या खुराड्यातला सगळ्यात देखणा कोंबडा देवीला सोडला. अंगानं तांबडा, शेपटीनं काळा, आणि इतका भरलेला की दोन्ही हातांत मावत नव्हता.

त्याला आता दोन वर्षं झाली होती. रोज सकाळी तांबडा माळावरून आरवला की धुरपदाबाई आधी त्याची बांग ऐके आणि मग झोपलेल्या नातीच्या अंगावरची गोधडी सारखी करे. कोंबडा ठीक, तर पोर ठीक, असं तिच्या मनानं घेतलं होतं. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण सुनेला ते कळत होतं.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि वाडीतल्या कोंबड्यांना काहीतरी झालं. त्या दिवसभर खात, पण अंगाला काही लागत नसे. तुरे फिके पडले, पंख लोंबायला लागले. अंडी आधी लहान झाली आणि मग बंदच झाली. शेजारच्या कौतिकानं धुरपदाबाईकडून एक काबरी कोंबडी वाट्यानं नेली होती. तिची अकरा पिल्लं निघाली आणि त्यातली सात एकेक करून माना टाकून मेली. शेवटी काबरीही मेली. तेव्हा कौतिका तिला पाटीत घालून धुरपदाबाईच्या दारात आली.

"काकी, ही बघा तुमची काबरी. मी दाण्याला कमी केलं न्हाई. पोरांच्या ताटातलं घातलं हिला."

धुरपदाबाईनं मेलेली कोंबडी हातात घेऊन बघितली. "व्हय गं. तुझी चूक न्हाई. माझ्या बी तीन गेल्या."

पलीकडच्या गावात गुरांचा दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा या बाजूला येत. कौतिकानं त्यांना बोलावून आणलं. त्यांनी चिंचेखाली फळी टाकली, काबरीचं पोट उघडलं आणि आतडं चिरून सगळ्यांना दाखवलं. आत पांढरे लांब जंत गच्च भरले होते, शिजवलेल्या शेवयांसारखे. वाडीतल्या पोरांनी त्यानंतर महिनाभर शेवया खाल्ल्या नाहीत.

"जंत झालेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतांची अंडी कोंबडीच्या शिटेतून बाहेर पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. दुसरी कोंबडी तीच माती उकरते, टोचते, की तिच्या पोटात जातात. तुमच्या कोंबड्या सगळ्या वाडीभर हिंडतात. त्यामुळे एका घरानं औषध दिलं आणि दुसऱ्यानं दिलं नाही, तर काही उपयोग नाही. सगळ्या वाडीनं, सगळ्या कोंबड्यांना, एकाच दिवशी औषध द्यायचं. तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा."

हे ऐकायला सोपं होतं, पण तेरा घरांना एका दिवशी एक काम करायला लावणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. कौतिका दारोदार फिरली. एका घरी पाहुणे येणार होते, एकाला औषधाचा वास सोसत नव्हता, एकाचं म्हणणं असं, की आमच्या कोंबड्या कुणाच्यात मिसळतच नाहीत. हे बोलत असताना त्याचीच कोंबडी कौतिकाच्या पायाशी उकरत होती. कौतिकानं नुसतं बोट दाखवलं, तेव्हा तोही कबूल झाला.

ठरल्या दिवशी वाडीनं खरंच नाव काढलं. आदल्या संध्याकाळीच कोंबड्यांपुढचं पाणी काढून घेतलं होतं. सकाळी खुराड्यांची दारं उघडली नाहीत. तहानलेल्या कोंबड्यांपुढे औषध घातलेलं पाणी ठेवलं, तसं त्या माना वर-खाली करत ते संपवून मोकळ्या झाल्या. खुराडी खरवडून काढली, घाण झाकणाच्या खड्ड्यात टाकली, तळाला चुना मारला. औषधानंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितले तितके दिवस जी काही अंडी मिळाली, ती कुणी खाल्ली नाहीत, पुरून टाकली. अंडं पुरताना एकेकाचं तोंड असं झालं होतं, की जणू घरचं माणूस पुरतायत.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी विचारलं, "सगळ्या कोंबड्यांना दिलं?"

"सगळ्यांना," तेरा घरांनी सांगितलं. ते खोटं बोलत नव्हते. प्रत्येकानं आपापल्या कोंबड्या बोटांवर मोजल्या होत्या. तीन आठवड्यांनी दुसऱ्यांदा औषध दिलं तेव्हाही तसंच मोजलं. दोन्ही वेळा माळाईचा तांबडा समोर देवळाच्या कौलांवर उभा राहून आरवत होता, पण त्याच्याकडे कुणाचं लक्षही गेलं नाही. तो देवीचा होता. वाडीतलं कुणी त्याला कोंबड्यांत धरतच नव्हतं.

पुढचे दोन महिने बरे गेले. तुऱ्यांवर रंग आला, अंडी सुरू झाली, कौतिकाच्या उरलेल्या चार पिल्लांना पंख फुटले. आणि मग सगळं पुन्हा पहिल्यासारखं झालं. पुन्हा फिके तुरे, पुन्हा पातळ शिट, आणि त्यात पुन्हा ते पांढरे धागे.

आता मात्र वाडीत तोंडं सुटली. कुणी म्हणालं औषधच पाणचट होतं. कुणी म्हणालं, कुणीतरी चार कोंबड्या लपवल्या असणार. ज्याच्या घरी पाहुणे येणार होते त्याच्यावर सगळ्यांचा डोळा गेला. त्यानं शपथा घेतल्या. दोन घरांमध्ये बोलणं बंद झालं, आणि एवढ्याशा वाडीत बोलणं बंद होणं म्हणजे विहिरीवर जायचीसुद्धा पंचाईत.

डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. चिंचेखाली बसल्या आणि नुसतं बघत राहिल्या. तासाभरात त्यांना दिसलं, की एक तांबडा कोंबडा माळावरून खाली उतरला, पहिल्या घराच्या अंगणात दाणे खाऊन तिथंच शिटला, दुसऱ्या घरी गेला, तिथंही तेच, मग तिसऱ्या, मग चौथ्या. प्रत्येक अंगणात त्याच्या मागोमाग कोंबड्या येऊन उकरत होत्या.

"हा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"कुनाचा न्हाई," कौतिका म्हणाली. "माळाईचा."

"याला औषध दिलं होतं?"

कौतिकानं हळूच जीभ चावली. डॉक्टरीणबाईंनी त्याची शिट डबीत भरून नेली, तपासली आणि पुढच्या आठवड्यात येऊन सांगितलं, की इतके जंत त्यांनी एका कोंबड्यात क्वचितच बघितलेत. "बाकीच्यांना कितीही औषध द्या. हा रोज तेरा घरांत जंतांची नवी अंडी टाकून येतोय. याला औषध द्यायलाच हवं. याचं पिणं कुणाच्या हातात नाही, तेव्हा धरून चोचीत घालावं लागेल."

सगळ्यांनी धुरपदाबाईकडे बघितलं.

"न्हाई," धुरपदाबाई म्हणाली. "बाई, तुमी शिकलेल्या हाय. तुमचं खोटं म्हनत न्हाई मी. पन त्यो कोंबडा माझा न्हाई. माझा असता तर आत्ता धरून तुमच्या मांडीवर दिला असता. देवीच्या जिनसाला हात लावायचा नसतो."

"लावला तर काय होतं, आजी?"

अंगणात माळू रिकाम्या वाटीत माती भरत बसली होती. धुरपदाबाईची नजर तिकडे गेली आणि डॉक्टरीणबाईंना जे समजायचं ते समजलं. त्यांनी वाद घातला नाही. औषधाची बाटली आणि एक नळी कौतिकाकडे ठेवली, किती थेंब द्यायचे ते सांगितलं आणि त्या निघून गेल्या.

शेवटी असं ठरलं, की माळाईलाच विचारावं. गुरवानं कौल लावला. देवीच्या उजव्या आणि डाव्या खांद्यावर पाण्यानं एकेक पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सारी वाडी सकाळपासून देवळात बसून राहिली. ऊन खांबावर चढलं. पोरं कंटाळून पळाली. एका म्हाताऱ्याला बसल्या जागी डुलकी लागली. आणि मग दोन्ही पाकळ्या एकदमच पडल्या.

गुरवानं डोकं खाजवलं. "चाळीस वर्सांत असं झालं न्हाई," तो म्हणाला. थोडा वेळ तो देवीच्या तोंडाकडे बघत राहिला. "मला वाटतं, आई म्हनतीया, तुमचं तुमी बघा."

म्हणजे गोष्ट फिरून धुरपदाबाईवरच आली. पुढचे दिवस तिला वाईट गेले. तिच्या कोंबड्या मरत होत्या, दुसऱ्यांच्याही मरत होत्या. कुणी तिला तोंडावर काही म्हणालं नाही. कौतिका एकदा म्हणायला लागली होती, "काकी, तुमच्या एका नवसापायी..." पण अर्ध्यात थांबली आणि घागर उचलून निघून गेली. ते अर्धं वाक्य धुरपदाबाईच्या कानातून काही केल्या जाईना.

एके दिवशी दुपारी तांबडा तिच्या अंगणात आला. तिनं सवयीनं दाणे टाकले. त्यानं थोडे टिपले, थोडे तसेच ठेवले आणि परसाच्या भिंतीवर चढायला झेप घेतली. भिंत कमरेएवढीसुद्धा नव्हती. त्याचे पाय तिच्या कडेला घासले आणि तो खाली आला. पुन्हा झेप घेतली, पुन्हा पडला. या वेळी तो कुशीवर पडला आणि तसाच पंख पसरून राहिला.

धुरपदाबाईनं काही ठरवलं नव्हतं. पण पडलेली कोंबडी दिसली आणि तिनं उचलली नाही, असं तिच्या साठ वर्षांत कधी झालं नव्हतं. ती गेली आणि तिनं त्याला उचललं.

कोंबडी हातात घेतली की तिची तब्येत धुरपदाबाईच्या हाताला कळे. आता तिच्या हाताला जे कळलं ते भलतंच होतं. वरून पिसं तेवढी होती. आत कोंबडा नव्हताच. छातीचं हाड विळीच्या पात्यासारखं बोटांना लागत होतं. दोन वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता, म्हणून कुणाला समजलंच नव्हतं. सगळ्यांनी दाणे टाकले होते, सगळ्यांनी नमस्कार केले होते, आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाळत गेला होता. धुरपदाबाईला रडू आलं. ती तिथंच मातीत बसून, कोंबडा पदरात घेऊन रडली.

सून चूल सोडून बाहेर आली. सासूच्या मांडीवर देवीचा कोंबडा बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. "आत्याबाई, हे काय केलंत?"

"हात लाव ह्याला," धुरपदाबाई म्हणाली. "लाव. बघ काय झालंय ह्याचं."

सुनेनं भीत भीत बोटं लावली आणि पटकन मागे घेतली.

"गेल्या महिन्यात अंगनवाडीच्या ताईनं माळूला जंताचं औषध दिलं," धुरपदाबाई म्हणाली. "पोर थुंकत हुती. मी नाक दाबून पाजलं तिला. तवा मी देवीला इचारायला गेले का? पोर तर तिनंच दिलीया. तिनं दिलेल्या पोरीला औषध चालतं, मग तिला दिलेल्या कोंबड्याला का चालू नये?"

सून म्हणाली, "समदं पटतंय आत्याबाई. पन मला भ्या वाटतं."

"मला बी वाटतं," धुरपदाबाई म्हणाली. "दोघी मिळून भिऊ. पन ह्याला असं मरू देणं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोंबड्याला घेऊन माळावर गेली. चोरून नाही, सगळ्यांना सांगून. त्याच दिवशी बाकीच्या घरांनीही पुन्हा औषध द्यायचं, असं तिनं सांगितल्यावर आदल्या संध्याकाळीच ठरलं होतं. देवळासमोर कौतिकानं नळीत औषध ओढून दिलं. धुरपदाबाईनं तांबड्याला काखेत धरलं, चोच उघडली आणि नळी जिभेच्या मागे नेऊन थेंब थेंब सोडलं. एक थेंब बाहेर सांडला नाही. मग ती देवीपुढे वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, हात लावला त्यो मी. राग आला तर माझ्यावर काढ. पोरीकडं बघू नको."

तिसऱ्या दिवशी माळूला ताप आला.

आता काय सांगावं. ज्यांनी आठ दिवसांपूर्वी धुरपदाबाईच्या नवसाला मागून नावं ठेवली होती, तेच आता कुजबुजायला लागले, की बघा, झालं ना. खालच्या आळीत आणखी दोन पोरं तशीच तापली होती, खोकत होती, त्यांच्या घरच्यांनी तर कुठल्याच कोंबड्याला हात लावला नव्हता, पण हे लक्षात घ्यायला कुणाला सवड नव्हती. सुनेनं पोरीला माणसांच्या दवाखान्यातून औषध आणलं. धुरपदाबाई उशाशी बसून कपाळावर ओल्या घड्या ठेवत राहिली. तिनं दोन दिवस जेवण केलं नाही. सून एकदाही "मी म्हणत होते ना" असं म्हणाली नाही, आणि धुरपदाबाईला त्याचंच जास्त लागलं.

तापाच्या चौथ्या दिवशी सकाळी माळूचं अंग निवलं. तिनं डोळे उघडले आणि भाकरी मागितली. खालच्या आळीतली दोन पोरंही त्याच दिवशी उठून खेळायला लागली. ताप गेला, पण भीती काही गेली नाही. ती सगळ्यांच्या मनात बसून राहिली होती, कारण अजून दुसरा डोस राहिला होता.

तीन आठवडे भरत आले तसे लोक एकेक करून धुरपदाबाईला सांगायला लागले. एकदा दिलंय ना, पुरे आता. कशाला देवीची परीक्षा बघायची. गुरवसुद्धा म्हणाला, की माझं काही म्हणणं नाही, पण तुम्ही तुमचं बघा. आदल्या संध्याकाळी कौतिका आली. आत न येता उंबऱ्याशीच उभी राहिली.

"काकी, मी त्या दिवशी जे बोलायला गेले हुते, ते इसरा," ती म्हणाली. "उद्या ऱ्हाऊ द्या. कोंबड्या काय, गेल्या तर परत आनू. पोर कुठनं आनायची."

कौतिकाच्या स्वतःच्या दारात आता पाचच कोंबड्या उरल्या होत्या. धुरपदाबाईला ते माहीत होतं. तिनं कौतिकाचा हात धरून तिला आत ओढलं आणि चहा दिला. काय करणार, ते मात्र सांगितलं नाही, कारण तिचं तिलाही माहीत नव्हतं.

सकाळी ती उठली. खरं सांगायचं तर पहिल्या वेळेपेक्षा तिला आता जास्त भीती वाटत होती. पहिल्यांदा डोळ्यांसमोर मरायला टेकलेला कोंबडा होता, त्याची दया तिला माळापर्यंत घेऊन गेली होती. आता कोंबडा बरा दिसत होता आणि डोळ्यांसमोर तापलेली नात होती. पण अर्धं औषध दिलं तर पुन्हा तेच होणार, हे तिला समजत होतं. तिनं तोंड धुतलं, सुनेकडे बघितलं. सुनेनं माळूला अंघोळ घातली, झबलं घातलं आणि आणून सासूच्या कडेवर दिलं.

"हिला घेऊन जावा," सून म्हणाली. "लपवून कशापायी ठेवायची? जिनं दिली तिला दिसू दे."

तशी धुरपदाबाई कडेवर नात घेऊन माळावर गेली. मागून सून आली, मग बाटली घेऊन कौतिका आली, आणि मग हळूहळू बाकीचे. तांबड्याला पकडायला या वेळी पळावं लागलं. चांगलं देवळाला दोन फेऱ्या मारेपर्यंत त्यानं कौतिकाला दमवलं, आणि लोक इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. धुरपदाबाईनं माळूला खाली ठेवलं, त्याला काखेत धरलं आणि चोच उघडली. माळूनं दोन्ही हातांनी त्याची शेपटी धरून ठेवली होती, कारण आजीला मदत करायची होती.

औषध दिल्यावर धुरपदाबाईनं या वेळी देवीला काही विनवलं नाही. तिनं कोंबडा दोन्ही हातांवर तोलला आणि म्हणाली, "बघ आई, जरा भरलाय."

माळूला त्या आठवड्यात काही झालं नाही. पुढच्याही आठवड्यात झालं नाही. गुढीपाडव्यापर्यंत वाडीतल्या कोंबड्यांचे तुरे लालभडक झाले. ज्या दोन घरच्या बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्यांतल्या एकीची कोंबडी दुसरीच्या वैरणीत अंडं घालून गेली, आणि त्या अंड्यावरून त्या दोघी पुन्हा बोलायला, म्हणजे भांडायला लागल्या. कौतिकानं नवी कोंबडी वाट्यानं नेली. तिची दहा पिल्लं निघाली. एक घारीनं नेलं, बाकी नऊ मोठी झाली.

गुरवानं वाडीला बसवून एक नवा नियम घातला. जो देवीला कोंबडा सोडेल, त्यानं त्याच्या औषधाचीही जबाबदारी घ्यायची. वाडीच्या कोंबड्यांना औषध द्यायच्या दिवशी पहिला मान माळाईच्या कोंबड्याचा, आणि तो ज्या घरानं सोडला त्या घरानंच त्याला धरायचं. तेव्हापासून तेरा घरं आधी माळावर जात आणि मग आपापल्या खुराड्याशी.

एकदा दुसऱ्या गावची एक बाई धुरपदाबाईकडे खुडूक कोंबडीची चौकशी करायला आली होती. तिच्या कानावर हे सगळं गेलं होतं. तिनं दबक्या आवाजात विचारलं, "देवीच्या कोंबड्याला तुमी धरलंत म्हनं. देवीचा कोप न्हाई झाला?"

समोर माळू तांबड्याला काखेत मारून अंगणभर फिरवत होती आणि तो बिचारा पाय लोंबकळत सोडून मुकाट्यानं फिरत होता.

"कोप?" धुरपदाबाई म्हणाली. "अगं, दोन वर्सं ती वाट बघत हुती, की कुनीतरी त्याला उचलून घेईल म्हनून."

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: जे देवाचं म्हणून आपण हात जोडून बाजूला ठेवतो, त्याची काळजी घेणं हीसुद्धा देवाचीच सेवा आहे; आणि एकाला वगळून सगळ्यांचं भलं होत नाही.